कारंज्यातला हात

“सून घरात आली अन् चार महिन्यांत पाण्यातून हात निघाला. आता याला पायगुन न्हाई म्हनायचं तर काय म्हनायचं, तुम्हीच सांगा!”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी परसात कारंज्याची नॉझल, म्हणजे पाणी सोडणाऱ्या तोट्या, घासत बसले होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बाहेर आलं. बोलणाऱ्या गंगाकाकू, माझ्या चुलत सासूबाई. त्यांना वाटतं त्या कुजबुजतात. त्यांची कुजबुज परतूरच्या स्टेशनवर ऐकू जाते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नुसतं “न्हाई, असं न्हाई” म्हणाल्या असत्या तरी मी सुटले असते. पण आतून फक्त पळी आपटल्याचा आवाज आला. पळीचं मत काय होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तर चहा घ्या आणि जरा टेकून बसा. तुम्ही हसणार आहात, ते ठरलेलंच आहे. गाढवपणा सगळेच करतात हो, पण माझा बघायला तीन गावं जमली होती!

माझं माहेर जालन्यातलं, लग्न झालं मे महिन्यात. सासर परतूर-मंठा रस्त्यावरचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, यांनी रस्त्याला लागून असलेल्या रानात थीम पार्क काढायला घेतलं होतं. चार पाळणे, दोन घसरगुंड्या, सिमेंटचा एक डायनासोर. कारागिरानं जन्मभर देवळातले नंदी घडवलेले, त्यामुळे आमचा डायनासोर पाय दुमडून बसलाय आणि त्याच्या गळ्यात घंटा आहे. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे रात्रीचा कारंज्याचा शो. गाण्यावर नाचणारं पाणी, पाण्याचाच पडदा, आणि त्या पडद्यावर चित्रं!

आमच्या भागात नळ आठ दिवसांनी येतो, तोही लाजत. लोक विचारायचेच.

“दादा, प्यायाला पानी न्हाई अन् तुम्ही नाचवून राह्यले?”

“अरे, तेच पानी फिरून फिरून वर जातं,” मामंजी समजावायचे. “नाचून राह्यलं ते, पळून न्हाई जाऊन राह्यलं!”

आमच्या ह्यांनी दोन महिने टाकीत उभं राहून एकेक नॉझलचा कोन धरला. संध्याकाळी मावळतीकडून वारा सुटला की पाण्याचा पडदा फाटक्या धोतरासारखा फडफडायचा, की परत सगळे कोन पहिल्यापासून. आमचं पाणी क्षाराचं. नॉझलच्या भोकांत पांढरी खडी बसायची. घमेल्यात लिंबाचं पाणी आणि हातात दाभण घेऊन ती भोकं मोकळी करायची, हे माझं काम. मला आवडायचं. नॉझलशी बोलावं लागत नाही. घरात माझं सगळं बोलणं ‘हो’, ‘बरं’ आणि ‘वाढू का?’ एवढ्यावर भागत होतं.

एक गोष्ट मात्र हे सगळ्यांना दिवसातून दहादा बजावायचे. “चालू असताना पाण्यात बोट बी घालायचं न्हाई. खाली दिवे हेत. करंट हे.”

पहिली चाचणी नवरात्रात, तिसऱ्या माळेला झाली. दिवस मावळला होता. आत्याबाई आणि गंगाकाकू प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, मामंजी उभे, मी सगळ्यांच्या मागे. हे पंपांच्या खड्ड्यात. बटणांपाशी हैदराबादहून आलेले शफीभाई. मोठा हुशार माणूस, वायरींशी मऊ आवाजात बोलायचा.

मोटारी घुमल्या. पाणी उठलं. निळं झालं, हिरवं झालं, डोललं, वाकलं. मी घासलेलं एकेक भोक सरळ धार सोडत होतं! चार महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, या घरात माझं काहीतरी आहे.

“अब देखो!” शफीभाई म्हणाले. पाण्याचा पडदा पंख्यासारखा उघडला आणि समोरच्या लोखंडी टॉवरवरून त्यावर पांढरा झोत पडला.

आणि झोतात हात होता.

लाल. धूसर. कडुलिंबाच्या झाडाएवढा. पाच बोटं पसरलेली. पाणी थरथरत होतं, म्हणून हातही थरथरत होता. ‘ये, ये’ म्हटल्यासारखा.

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. हात तिथंच.

“शफीभाई, हे चित्र कोनी टाकलं?” मामंजींचा आवाज पार खाली गेला होता.

“साब, मैंने कुछ नै डाला. खाली सफेद लाइट है.”

“मंग हात कुठून आला?”

शफीभाईंनी लॅपटॉपची वायर उपटली. झोत राहिला. हातही राहिला!

मग गंगाकाकू ओरडल्या. “आसरा! आसरा हेत या! विहिरीचं पानी नाचवायला काढलं, त्यांना इच्यारलं का कोनी? इच्यारलं का?”

साती आसरा म्हणजे विहिरीत, डोहात राहणाऱ्या सात देव्या. आमच्या टाकीत पाणी आलं होतं ते मळ्यातल्या जुन्या विहिरीचं. विचारलं कुणीच नव्हतं. मामंजींनी लायनमनला विचारलं होतं, ग्रामपंचायतीला विचारलं होतं. आसरांचा विषय कुठल्याच अर्जात आला नाही.

मी शिकलेली मुलगी आहे. बी.एस्सी. झाले. पण खरं सांगते, त्या दिवसापासून बादलीत तांब्या बुडवायच्या आधी मी बादलीला नमस्कार करायचे. आंघोळीला गेले की ह्यांना न्हाणीच्या दाराबाहेर उभं करायचे आणि आतून दर मिनिटाला विचारायचे, “आहात ना?”

“हाव. पन जल्दी कर ना. लोक बघून राह्यले.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“बिलकुल न्हाई. काहीतरी टेक्निकल हे ते.” एवढं म्हणून हे दाराला जरा चिकटून उभे राहायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खिडकीतलं वाक्य कानावर पडलं. म्हणजे रात्रभर मला पाण्यातल्या हाताची भीती होती, आता वर घरातल्या माणसांची. दोन्हीत जास्त कुठली, हे विचारू नका.

शफीभाईंनी दिवसभर सगळं तपासलं. टॉवरवर चढून प्रोजेक्टरच्या डब्याचं मागचं दार उघडलं, भिंग पुसलं, वायरी बदलल्या. “मशीन में कुछ नै, भाभी,” ते मला म्हणाले. “मशीन एकदम साफ है.” मशीन साफ असेल तर मग उरतं काय?

पाचव्या माळेला परत चाचणी. परत हात. आणि या वेळी बोटं खालच्या बाजूनं ओघळली होती, मनगट लांबलं होतं.

“पुढं आला!” गंगाकाकू खुर्चीवर उभ्या राहिल्या. “परवा इतका नव्हता! हात पुढं येऊन राह्यला, दादा!”

शफीभाई शांतपणे उठले आणि आपल्या गाडीत जाऊन बसले, काचा वर करून. टाकीवर काम करणारी दोन माणसं त्या रात्री घरी गेली ती परत आलीच नाहीत.

मामंजी जेवायला बसले. दोन वर्षं हा माणूस त्या टाकीसाठी पळत होता. म्हणाले, “दसऱ्याचं उद्घाटन रद्द करून टाकू.”

हे मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिले. दोन महिने पाण्यात उभं राहून ह्यांच्या पायांची कातडी सोललेली होती.

तेव्हा गंगाकाकू म्हणाल्या, आणि या वेळी कुजबुजत सुद्धा नाही, “मी काय म्हन्ते, सुनबाईला चार दिवस माहेरी धाडून बघा. हात जातो का बघू. न्हाई गेला तर मंग दुसरा विचार करू.”

मी तिथंच होते हो! वाढत होते! हातातली भाजीची पळी मामंजींच्या ताटावर धरलेली. माझ्या डोळ्यांपुढं आमची जालन्याची गल्ली उभी राहिली. शेजारच्या काकू विचारतायत, “काय गं, नवरात्रात कशी आलीस?” आणि आई उत्तर शोधतेय. हाताच्या कारणावरून माहेरी आलेली मुलगी कुठल्या तोंडानं परत सासरी जाते? आणि समजा मी गेले, आणि हात खरंच गेला, तर?

“भाजी पुरे,” मामंजी म्हणाले. ताटात भाजीचा डोंगर झाला होता.

आत्याबाई माझ्याकडे हात करून एवढंच बोलल्या, “आधी विहिरीवर ओटी भरू. शीतलच भरंल. मंग बघू.”

सातव्या माळेला मी विहिरीच्या काठावर खण, नारळ, सात मुठी तांदूळ ठेवले. मुठी इतक्या घाईनं सोडल्या, की अर्धे तांदूळ आसरांना आणि अर्धे चिमण्यांना गेले. मनातल्या मनात मी एकच म्हणत होते. बायांनो, तुमचं काय असेल ते असो, मला जालन्याच्या बसमध्ये बसवू नका.

त्याच संध्याकाळी तिसरी चाचणी. मी डोळे मिटून उभी. पाणी उठल्याचा आवाज आला, पडदा उघडल्याचा आला, आणि मग गंगाकाकूंची किंकाळी. पण किंकाळीचा सूर वेगळा होता.

“अगं बया! बांगड्या! हातात बांगड्या हेत!”

मी एक डोळा उघडला. खरंच, मनगटापाशी चार लाल वळ्या पडल्या होत्या. एकाखाली एक.

“बांगड्या भरलेला हात! सवाष्न हे! आसरा न्हाई, देवी हे ही! अन् मारायचा हात न्हाई हा, बघा बघा, आशीर्वादाचा हे!” गंगाकाकूंनी दोन्ही हात जोडले. मग माझ्याकडे वळल्या आणि कडाकडा बोटं मोडली. “सुनबाईच्या ओटीला पावली! पायगुन लागतो, दादा, पायगुन!”

तीन दिवसांपूर्वीचा पायगुण तो हाच, बरं का. फक्त उलटा करून घातला.

दुसऱ्या दिवशी घरातला पहिला कप चहा मला आला. मामंजी मला ‘बाई’ म्हणायला लागले. माणसं कामावर परतली. शफीभाई गाडीतून बाहेर आले, दंडाला ताईत बांधून. बातमी परतूरला गेली, मंठ्याला गेली, अंबडकडच्या पाव्हण्यांचे फोन आले. दसऱ्याचं उद्घाटन ठरलं ते ठरलंच. मी विचार करून राहिले होते, की असू दे. देवीचा तर देवीचा हात. आपण निघालो ना यातून?

दसऱ्याच्या संध्याकाळी पार्कात पाय ठेवायला जागा नव्हती. पाळण्याकडं कुणी बघेना, सगळे टाकीभोवती. दोरी बांधली होती, त्या दोरीला माणसं लोंबत होती. डायनासोरच्या पाठीवर सात जण.

शो सुरू व्हायच्या आधी गंगाकाकूंनी सगळ्यांसमोर मला पाटावर बसवलं आणि कपाळभर कुंकू लावलं. कुंकू म्हणजे काय, मूठच! नाकावर, गालावर आणि चष्म्याच्या काचेवर.

मी डोळे उघडले. समोर दिव्यांची माळ होती, आणि तिच्यावर एक लाल, धूसर डाग. मान वळवली, तर डाग आत्याबाईंवर. वर बघितलं, तर डाग आभाळावर. जिकडे बघावं तिकडे डाग. मी चष्मा काढला, आणि डाग गेला.

काच. कुंकू. काच!

आता तुम्हाला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी इतका वेळ सांगितली नाही. कारण तोपर्यंत ती मला स्वतःलाच आठवत नव्हती.

घट बसले त्या दिवशी नव्या मशिनींची पूजा झाली होती. आत्याबाई म्हणाल्या होत्या, “शीतल, तू नवी लक्ष्मी. सगळ्याला तूच हळदकुंकू लाव. एक बी राहू दिऊ नको.” कोरडं कुंकू लोखंडावर टिकेना, म्हणून मी ते तेलात कालवलं. आत्याबाई म्हणाल्या, “बराबर डोकं चालवलं.” सासरची पहिली शाबासकी! ती अशी चढली मला, की पंपांना लावलं, पाइपांना लावलं, पान्ह्यांना लावलं, शफीभाईंच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीला लावलं. शेडच्या बाहेर ताडपत्रीखाली पुढं काच असलेला एक पत्र्याचा डबा एकटाच उभा होता. मला वाटलं कपाट आहे. तेव्हा आत नारळ फुटत नव्हता आणि सगळे तिथं सल्ले द्यायला गेले होते. एवढ्या मोठ्या काचेला दोन बोटं काय लावायची? नव्या ट्रॅक्टरला उमटवतात तसा मी अख्खा पंजा उमटवला. चांगला तेलानं थबथबलेला. वर ताडपत्री ओढली आणि नारळ बघायला गेले.

तोच प्रोजेक्टरचा डबा दुसऱ्या दिवशी टॉवरवर चढला. मागून सगळ्यांनी तपासला. पुढून काच बघायला पाण्यावर तरंगत कोण जाणार? दिवसा वर ताडपत्री, रात्री झोत. झोतानं काच तापली, तेल ओघळलं, बोटं लांबली. ओघळ मनगटापाशी वळ्या करून साचले, बांगड्या भरल्या!

देवी नाही, आसरा नाही. ती मी होते.

हाताला घाबरत होते तेव्हा बरं होतं, आता स्वतःलाच घाबरायची वेळ आली. पंपांच्या खड्ड्याकडे पळाले.

“अहो, ऐका ना, तो हात…”

“आत्ता न्हाई, शीतल! प्रेशर बघून राह्यलो!”

आत्याबाईंना गाठलं. “आत्याबाई, तो हात आहे ना, तो…”

“हाव गं बाई. तुझीच पुन्याई.” आणि त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. चार महिन्यांत पहिल्यांदा. आता पुढचं कुठल्या तोंडानं सांगू? मी गिळून टाकलं. वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या गुपचूप कुणालातरी चढवून काच पुसून घेऊ. देवी गेली म्हणतील. देव्या जातात.

गाणं सुरू झालं. पाणी उठलं. पडदा उघडला आणि हात आला, बांगड्या झळकवत. अख्ख्या गर्दीतून ‘आई गं’ असा एक हुंकार निघाला. लोकांनी हात जोडले. मामंजी डोळे मिटून उभे होते आणि त्यांच्या गालांवर पाणी होतं.

मग एक बाई नारळ घेऊन दोरीखालून वाकली.

तिच्यामागून दुसरी. तिसरीच्या कडेवर लेकरू. “हाताला टेकवते, हाताला टेकवते,” म्हणत ती टाकीच्या कठड्यावर चढायला लागली. मागचे लोटायला लागले. खड्ड्यातून हे जिवाच्या आकांतानं ओरडत होते, “उतरू नका! करंट हे! मागं व्हा!” पण गाण्यापुढं काय ऐकू जाणार? शफीभाईंचा हात बटणावर गेला आणि थांबला. सगळं बंद केलं की काळोख, आणि कठड्यावर बायका. पहिल्या बाईनं लुगडं वर खोचलं.

शफीभाईंच्या टेबलावर माइक होता. तिथवर कशी पोचले ते मला माहीत नाही. वाटेत कुणाच्या पायावर पाय दिला, कुणाच्या खांद्यावर. माइक हातात आला, तो थंडगार होता. समोर तीन गावं, पाहुणे, गंगाकाकू, आत्याबाई, मामंजी. मी जन्मात चार माणसांपुढं बोलले नव्हते. शफीभाईंनी माझं तोंड बघितलं आणि गाणं बंद केलं. पाण्याचा नुसता फसफस आवाज राहिला. आणि मी बोलले. मला माहीत नव्हतं माझा आवाज इतका मोठा आहे ते.

“मागं सरका! पाण्यात करंट हे, कोनी पाय घालू नका! अन् तो हात देवीचा न्हाई, आसरांचा न्हाई, माझा हे, माझा! मीच उमटवला काचेवर! मामंजी, शिडी अन् फडकं आनायला सांगा… अन् आत्याबाई, माफ करा, कुंकवात तेल जास्त झालं!”